मोरीचं मडकं

त्या दिवशी विहिरीवर कोण कोण व्हतं ते आधी सांगते. माझे सासरे व्हते, त्यांना मी मामंजी म्हणायची. माझे मालक व्हते. मी व्हते, कडंवर पोरगी घेऊन. वरल्या आळीचे सरपंच व्हते. त्यांची आई व्हती, तिला सारं गाव आत्याबाई म्हणायचं. आत्याबाईची धाकटी सून व्हती, सरपंचांच्या भावाची बायको. ती माझ्याच वयाची, तिला मी वहिनी म्हणायची. ग्रामसेवक व्हते, हातात छत्री. आन् मागं आमच्या वस्तीतली समदी बायामाणसं उभी. त्यातली आता थोडीच राहिली. मी हाय, वहिनी हाय. मला लिहायला सहीपुरतंच येतं, म्हणून माझी नात लिहून घेतीये. मी बोलते तसंच लिही म्हणलंय तिला.

आमचं गाव निफाडकडचं. गाव उतारावर. वरल्या आंगाला शेतकऱ्यांची आळी, मारुतीचं देऊळ, शाळा. खालच्या आंगाला ओहोळाच्या काठाला आमची वस्ती, समदी बौद्धांची घरं. पाऊस वर पडला का पाणी आमच्या दारातून जायचं. त्याचं काय वाटायचं नाय. पावसाचं पाणी येतं, तसं जातं.

मी लग्न होऊन आले तव्हा वस्तीला विहीर नव्हती. आम्ही बाया वरल्या विहिरीवर जायचो आन् लांब उभ्या राहायचो. कुणाला दया आली का ती वरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. ओतणारीच्या मनात आलं तर घागर भरायची, नाय तर अर्धीच. एकदा आत्याबाई मला म्हणली, "काय गं, सकाळधरनं उभी हायेस, पाय दुखत नाय का तुझं?" म्हणलं, "दुखत्यात आत्याबाई, पण घागरीला पाय नाय ना, नाय तर तिलाच धाडली असती." ती हसली. हसून पाणी ओतलं. ती वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं मी तिचं बोलणं सांगणार हाय.

बहात्तरच्या दुष्काळात समदी माणसं खडी फोडायला जायची. आमची बी जायची. दिवसभर खडी फोडून आल्यावर मामंजी वस्तीतल्या गड्यांना म्हणायचे, "आता दुसऱ्याची फोडली, जरा आपली फोडा." आन् अंधार पडंपर्यंत ओहोळाच्या वरल्या बाजूला विहीर खांदायची. वर काळी माती, लय खोल. काळी माती पाणी पीत नाय आन् देत बी नाय. त्याच्याखाली मुरूम लागला. मुरमाला पाझर फुटला तव्हा मामंजी खाली व्हते. वरून आम्ही विचारतोय, "लागलं का?" तर त्यांनी नुसता दोर हलवला, वर घेतलं, तर हातात ओला मुरूम. तो त्यांनी माझ्या सासूच्या हातावर ठेवला. सासू पुढं दोन पावसाळ्यांनी गेली, पण आपल्या हातानं आपल्या विहिरीचं पाणी शेंदून गेली.

पाणी गोड व्हतं. डाळ लवकर शिजायची. एवढं मला कळतं, बाकी पाण्यातलं काय कळत नाय.

त्या वेळेला गावात सांडपाणी असं काय नव्हतंच. पाणी डोक्यावरनं आणायचं म्हणल्यावर बाई तांब्या तांब्या जपून वापरती. मोरीतलं जे थोडं पाणी निघायचं ते परसात जायचं. तिथं आळू, कर्दळ, एखादी केळ. त्यांना बी कमी पडायचं. आमच्या दारचा आळू तर उन्हाळ्यात मान टाकायचा.

मंग काही वर्षांनी वरल्या आळीत नळ आला. दर घराला तोटी. आमच्या वस्तीला एक तोटी देऊ म्हणले, ती मारुतीच्या पाराजवळ थांबली, खाली आली नाय. नळ आला आन् त्याच्यामागून सांडपाणी आलं. बाया धबधब आंघोळी करायला लागल्या, धुणं दारातच. आळू कुजला, कर्दळ कुजली, पाणी आळीत आलं. डुकरं लोळायला लागली. मच्छर तर असे का दिवेलागणीला तोंड उघडून बोलायची सोय नाय. हिवतापानं घरटी एक माणूस पडलेलं.

तव्हा हे ग्रामसेवक आले. तरणा माणूस व्हता, चप्पल हातात घेऊन चिखलात फिरायचा. त्यांनी शोषखड्ड्याचं काढलं. दर घरामागं एक खड्डा घ्यायचा, काळी माती संपून मुरूम लागंपर्यंत. खाली मोठे दगड, वर लहान, वर खडी, वर वाळू. आन् वरती मोरीच्या तोंडाला एक मडकं, बुडाला भोकं पाडलेलं, त्यात गवत कोंबायचं. मोरीचं पाणी मडक्यात पडणार. राख, केस, भाताची शितं, तेलकट घाण गवतात अडकणार. निवळ पाणी खाली दगडातून मुरमात जिरणार.

खड्डे खांदायचं काम आमच्या वस्तीला मिळालं. विहीर खांदल्यामुळं मुरूम कुढं लागतो ते आमच्या गड्यांना हातच्या रेषेसारखं ठाऊक. मी बी दगड वाहिले. घरोघर खड्डे झाले आन् आळी वाळली. खरंच वाळली. पहिल्या वर्षी तर पोरं आळीत लगोरी खेळायची. तालुक्याचे साहेब बघायला आले, त्यांना नारळ दिला. मामंजी म्हणायचे, "आपण पाणी वर बी काढलं आन् खाली बी घातलं."

पण ते मडकं. ग्रामसेवकांनी दारोदार सांगितलं व्हतं का आठ-पंधरा दिवसांनी मडक्यातलं गवत काढायचं, उकिरड्यावर टाकायचं, नवं कोंबायचं. नाय तर खड्डा तुंबंल. त्या वेळेला समद्या घरात बाया भांडी राखेनं घासायच्या. राख गवतात बसली का तिचा चिखल व्हतो, आन् चिखल खाली उतरला का दगडाच्या फटी लिंपून टाकतो.

आता गंमत बघा. वरल्या आळीच्या बाया शेणात कोपरापर्यंत हात घालायच्या. गोवऱ्या थापायच्या, घर सारवायच्या, त्याच हातानं पदर सावरायच्या. शेणाची त्यांना किळस नव्हती. पण मोरीच्या मडक्यात हात घाल म्हणलं का हात आखडायचा. आपल्याच डोक्याचे केस, आपल्याच ताटातली शितं, पण ती मोरीतून गेली का ते आपलं काम राहत नव्हतं. ते आमचं काम. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी बोललं बी नव्हतं. त्यांनी मनातच धरलं व्हतं का खड्डे ज्यांनी खांदले तेच येत्याल मडकी काढायला.

आम्ही गेलो नाय.

एक दिवस आत्याबाई स्वतः खाली आली. ओट्यावर बसली नाय, उभीच राहिली. मामंजींना म्हणली, "मडकी तुंबली रं. बाया धाड की. दाण्याला काय कमी करणार नाय."

मामंजी विडी विझवत म्हणले, "दाणे कशाचे आत्याबाई?"

"जोंधळ्याचे. अजून कशाचे?"

"जोंधळा आमच्या घरात बी हाय. आन् हात तुमच्या घरात बी हायेत."

"लय बोलाया लागलास. तुझा बाप नाय बोलायचा असं."

"बाप मेलेली जनावरं वढायचा. त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, बोलंल कसा?"

आत्याबाई तशीच माघारी गेली. मामंजींनी विझलेली विडी कानावर ठेवली. मंग आम्हाला म्हणले, "खड्डा खांदला, ती मजुरी झाली. उद्या नवा खांदायला सांगितला तर खांदू. पण दुसऱ्याच्या मोरीतला केस आपल्या हातानं निघणार नाय. दीक्षा घेतली त्या दिवशी ही कामं सोडलीत. एकदा परत हात घातला का मंग हात काढता येत नाय." वस्तीतल्या समद्यांनी मान हलवली. मी बी हलवली. आजही हलवीन.

वरल्या आळीत एकच बाई निघाली. वहिनी. मी तिच्या सासरच्या द्राक्षबागेत विरळणीला जायची, ती बी यायची. आम्ही दोघी एकाच ओळीत बसून घडातले जादा मणी काढायचो. एक दिवस तिनं मला हळूच विचारलं, "मडकं काढताना वास लय येतो का गं?"

म्हणलं, "मला काय ठाऊक वहिनी? मी कधी काढलं नाय."

ती दचकली. मंग हसली. "खरंच की. मला वाटलं तुम्हाला येतच असंल."

"आम्हाला मोरीच नाय, दगडावर भांडी घासतो. मडकं कुढून येणार?"

दुपारी सासू झोपली का वहिनी मडक्यातलं गवत काढायची. पहिल्या वेळेला उलटी झाली म्हणली. दुसऱ्या वेळेला नाय. मला सांगायची, "तुला सांगू, शेणापरीस सोपं हाय. राखच राख निघती." तिचा खड्डा चालू राहिला. बाकीचे एकामागून एक तुंबले. तिच्या मागच्या दारी कोरडं बघून शेजारणी विचारायला लागल्या, आन् एक दिवस आत्याबाईनं तिला हातात गवताचा बोळा असताना धरलं.

लय झालं मंग. तिला चुलीपाशी येऊ दिलं नाय. गोमूत्र शिंपडलं. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, "वस्तीतल्यांनी सोडलं ते हिनं धरलं." बागेत आली तव्हा डोळे सुजलेले. मला म्हणली, "मी माझ्याच मोरीतली घाण काढली ना गं. दुसऱ्याची थोडीच काढली?"

मी म्हणलं, "मणी नीट काढा वहिनी, घड दाबून धरू नका." ती रडत रडत मणी काढीत राहिली.

तिचा बी खड्डा मंग तुंबला.

पावसाळ्यात समदे खड्डे वर आले. लोकांनी मोऱ्यांना चाऱ्या फोडल्या आन् पाणी आळीत सोडून दिलं. पुढच्या वर्षी सरपंचांनी सिमेंटची गटार मंजूर करून आणली. वरून निघाली, देवळाला वळसा घातला, शाळेमागून आली आन् आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. म्हणले, पुढचं काम पुढच्या वर्षी. ती ओहोळापर्यंत जायची व्हती. ती थांबली ती आमच्या विहिरीच्या वरल्या आंगाला. तिथं काळ्या पाण्याचं डबकं साचलं. म्हशी बसतील एवढं.

आम्ही माती टाकली, बांध घातला, चारी काढली. माझे मालक आन् वस्तीतले गडी रोज कामावरनं आल्यावर तेच करायचे. पण डबक्याच्या बुडाला मुरूम व्हता, तिथं काळी माती पातळच, ती बी आम्ही विहिरीच्या काठाला भर घालायला उचलली व्हती. मुरमानं आम्हाला पाणी दिलं, आन् मुरमानंच ती घाण आणली. पहिलं पाण्याला वास आला. मंग तवंग. मंग डाळ शिजंना.

तव्हा मामंजींनी माणूस पाठवून समद्यांना विहिरीवर बोलावलं. तोच दिवस मी सुरुवातीला सांगितला. सरपंच आले, त्यांच्यामागं आत्याबाई, कारण तिला वाटलं पोराला एकटं पाडत्याल. वहिनीला सोबत आणलेलं, म्हातारीला उतारावर हात द्यायला.

ग्रामसेवक आत वाकून बघून म्हणले, "पावडर टाकू. आन् बाबा, हे पाणी पिऊ नका."

मामंजी म्हणले, "मंग काय पिऊ?"

सरपंच म्हणले, "नळावर या ना. कोण नको म्हणतंय?"

"नळावर आमची घागर शेवटी लागती. शेवटी लागंपर्यंत नळ जातो."

"आता तेवढं चालायचंच म्हातारबा. गटारीचं पुढचं काम व्हईल."

मामंजींनी बादली सोडली, पाणी शेंदलं. आमच्या घरचा पितळी तांब्या घासून पुसून आणलेला, तो भरला. सरपंचांच्या पुढं धरला. "ऊन लय हाय. पाणी घ्या."

सरपंच तांब्याकडं बघत राहिले. त्यांनी आमच्या वस्तीत कधी पाणी पिलं नव्हतं, पाणी गोड व्हतं तव्हा बी नाय. आता दोन कारणं झाली व्हती, आन् कोणत्या कारणानं नको म्हणावं ते त्यांना कळंना. ग्रामसेवकांनी मान खाली घातली. 

वहिनी एक पाऊल पुढं आली. मी बघितलं. तिचा हात पदराखालून बाहेर आला. समोर तिचे भाया, म्हणजे सरपंच, उभे, त्यांच्यापुढं तिनं आजवर डोकं उघडं केलं नव्हतं. आत्याबाईनं मागून तिचा पदर धरला. ती थांबली.

मंग मामंजींनी तो तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला आन् रिकामा केला. तोंड पुसलं आन् म्हणले, "बरं, या आता."

त्या दिवसापासून त्यांनी हट्ट धरला. पेतील तर विहिरीचंच. माझे मालक पारावरच्या तोटीवरनं पाणी आणायचे, ते मामंजी शेळीला पाजायचे. "शेळी काय बोलत नाय, तिला चालतं," म्हणायचे. मी विहिरीचं पाणी उकळून, गार करून त्यांच्या मडक्यात भरायला लागले. एक घोट घेतला आन् म्हणले, "सुनबाई, पाण्याला धूर लागलाय."

म्हणलं, "लाकडं ओली व्हती मामंजी."

"पाण्याला लाकडं कशाला लागत्यात?" मंग पेले. पण मी बागेत गेले का स्वतः शेंदून प्यायचे. मला कळायचं. दोर ओला असायचा.

डोळे पिवळे झाले. कावीळ. गावठी औषध झालं, मंग बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. तिथं नर्सबाईनं नळाचं पाणी दिलं. मामंजींनी ते घेतलं आन् पेले. कुढलं पाणी म्हणून विचारलं बी नाय. मालक खूश झाले, पाणी पेले म्हणून. मी भिंतीकडं तोंड केलं. मला कळलं का आता हे राहत नाय.

ते गेल्यावर वस्तीनं विहीर बुजवली. लेकरं पित्याल म्हणून बुजवावी लागली. ज्यांनी खांदली व्हती त्यांनीच काठाचे दगड आत लोटले. दगड पडल्याचा आवाज पहिलं पाण्यात व्हायचा, मंग दगडावर दगड, मंग नुसता मातीचा.

मामंजींचे दिवस झाल्यावर एका दुपारी वहिनी आली. एकटी. उन्हाची, डोक्यावर पदर, कुणाला सांगून आली का चोरून आली मी विचारलं नाय. ओट्यावर बसली. आमच्या ओट्यावर वरल्या आळीची बाई मी पहिल्यांदा बसलेली बघितली. म्हणली, "पाणी दे गं."

मी तांब्या भरून दिला. तोच पितळी. तिनं हातात धरला, आत बघितलं.

"विहिरीचं हाय का?"

"नाय वहिनी. पारावरच्या तोटीचं."

"मला विहिरीचं पाहिजे व्हतं."

"ते आता कुणालाच मिळत नाय."

ती तशीच तांब्या धरून बसली. मंग तिनं ते पिलं, समदं, आन् तांब्या खाली न ठेवता माझ्या हातात दिला. आम्ही मंग बागेतल्या विरळणीचं बोललो. 

गटार पुढं कधीतरी ओहोळापर्यंत गेली. तोवर वस्तीला बी नळ आला. विहिरीच्या जागेवर आता ग्रामपंचायतीचा पाण्याचा हौद हाय, त्याच्यावर पोरं बसत्यात मोबाईल घेऊन. खाली विहीर हाय हे त्यांना ठाऊक नाय. डबक्याच्या जागी कर्दळ माजलीये, लाल, कुणी लावली नाय.

माझे मालक म्हातारपणी एकदा म्हणले, "आपण मडकी काढली असती तर विहीर राहिली असती का गं?" राहिली असती. मला ठाऊक हाय, त्यांना बी ठाऊक व्हतं. म्हणलं, "राहिली असती. पण मामंजी आधीच गेले असते. जीव असून गेले असते." ते हो म्हणले. मंग आम्ही दोघं जेवलो.

हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाय. आत्याबाई शेवटी अंथरुणाला खिळली तव्हा तिचं समदं वहिनीनंच काढलं, त्याच हातानं. तव्हा कुणी गोमूत्र शिंपडलं नाय. मला वाईट एवढंच वाटतं का आळीतल्या समद्या बायांनी तेच हात थोडे आधी घातले असते, आपापल्या मडक्यात, तर काय व्हतं त्यात? राखच निघती म्हणली व्हती ती. राखच.

हे कुणी वाचत असंल तर माझं एक ऐका. तुमच्या घरची मोरी तुंबली का दुसऱ्या कुणाला हाक मारू नका. आपल्या हातानं काढा.